वटवाघळांसाठी बंद केलेला बाजूचा दरवाजा

ब्रिन-हेलिग पोलीस ठाणे, उत्तर वेल्स. दिनांक १८ ऑक्टोबर २०२४.

मी, नेस्टा इडवाल मॅडॉक, वय ५३ वर्षे, धंदा – पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणीत पर्यटकांना माहिती सांगणे, राहणार चॅपलमागे, ब्रिन-हेलिग, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मयत इडवाल मॅडॉक, वय ८४, हे माझे वडील. ते याच खाणीत पंधरा वर्षे कामाला होते. खाण बंद पडली तेव्हा त्यांना घरी पाठवले. आता तीच खाण बघायला लोक रांग लावतात. बाहेरच्या दगडांच्या ढिगाऱ्यांवर नेचे आणि बर्चची झाडे उगवली आहेत, म्हणून तिथे निसर्गवाट केली आहे. तिथला फलक वाचून बाबा म्हणाले होते, "याला आम्ही कचरा म्हणायचो. लॅटिन नाव लावलं की झालं!"

दर गुरुवारी दुपारी तीनच्या फेरीला बाबा माझ्याबरोबर आत येतात. मजूर जिथे डबा खायचे त्या आतल्या खोलीत बसून चहा आणि मनुकांचा पाव खातात आणि लोकांसमोर माझ्या चुका काढतात. काल मी सांगत होते, की इथे माणसे मेणबत्तीच्या उजेडात काम करत. बाबा बाकावरून ओरडले, "ते माझ्या बापाच्या वेळी! मला इतकं म्हातारं करू नकोस, पोरी." सगळे हसले. मीही हसले.

आत जाणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हेल्मेट देतो आणि फेरी संपली की माणसे नव्हे, खुंटीवरची हेल्मेट मोजतो. बाबा हेल्मेट घेत नाहीत. त्यांची जुनी लोकरी टोपी असते. आग्रह केला तर म्हणतात, "डोंगर मला ओळखतो." त्यामुळे ते कधीच मोजले गेले नाहीत. घरच्या माणसाला काय मोजायचे, असा इथला रिवाज आहे.

फेरी संपली तरी बाबा बसून राहतात आणि मागाहून बाजूच्या बोगद्याने निसर्गवाटेवर निघून पायी त्यांच्या घरी जातात. तिथे ते एकटेच राहतात. तो दरवाजा सोमवारी हिवाळ्यापुरता बंद झाला. आत वटवाघळे झोपतात, त्यांना त्रास होऊ नये म्हणून. तशी सूचना मी स्वतः वेल्श आणि इंग्रजी दोन्ही भाषांत लिहून बाहेरच्या बाजूला लावली. बाबांना सांगायचे राहिले.

काल चार वाजून वीस मिनिटांनी चौदाच्या चौदा हेल्मेट खुंटीवर परत आलेली होती. मी मुख्य लोखंडी दार लावले व कुलूप घातले. संध्याकाळी गायनमंडळाच्या तालमीला गेले. मला कोणाचा फोन आला नाही. मीही कोणाला केला नाही. बाबा सातनंतर फोन उचलत नाहीत.

आज सकाळी आठ चाळीसला दार उघडले. बाबा दाराच्या आत चार पावलांवर भिंतीला टेकून बसले होते. हातातल्या टॉर्चची बॅटरी संपलेली होती. टोपी डोक्यावर होती. पावाचा एक तुकडा कागदात नीट गुंडाळून खिशात होता. मी त्यांना हाक मारली. नंतर पोलिसांना फोन केला. डॉक्टरांच्या मते मृत्यू रात्री एक ते तीनच्या दरम्यान, थंडीने. त्या वेळी मी झोपले होते.

कुलूप लावताना काही ऐकू आले का, असे विचारल्यावरून सांगते की, आले. आत लांबून, बाजूच्या बोगद्याच्या अंगाने, लोखंडावर तीन ठोके. थोडे थांबून पुन्हा तीन. चेस्टरचे एक जोडपे माझ्याजवळ उभे होते. त्यातल्या बाईंनी विचारले, "हे काय?" मी म्हणाले, "आमचे बुटके. खाणीत राहतात. चांगला दगड कुठे आहे ते ठोकून सांगतात." हे मी अकरा वर्षे सांगत आले आहे. कधी पाणी ठिबकते, कधी पत्रा वाजतो, आणि लोकांना आवडते. ते हसले. गृहस्थांनी मला पुन्हा सांगायला लावून फोनवर चित्रीकरण केले. तोवर ठोके चालू होते. मग मी किल्ली खिशात टाकली.

इथे सार्जंट तेगिड यांनी लिहिणे थांबवले. ते शाळेत माझ्याबरोबर होते. म्हणाले, "नेस्टा, अगं, पाणीच असेल ते. ती माणसं चेस्टरला गेली. कोण विचारतंय? कुलूप लावलं आणि घरी गेले, एवढं पुरे."

मी म्हणाले, "लिही."

ते म्हणाले, "नोकरी जाईल. वर अजून काय काय होईल."

मी म्हणाले, "तेगिड, मला ते ऐकू आलं होतं. लिही."

त्यांनी लिहिले.

हा जबाब सार्जंट तेगिड यांनी मला माझ्या भाषेत वाचून दाखवला. ठोक्यांच्या ओळी आल्या तेव्हा त्यांनी आवाज खाली घेतला. त्या मी मोठ्याने पुन्हा वाचायला लावल्या. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहेत.

सही – नेस्टा मॅडॉक