दुसरा ठोका

माझं माहेर अकलोलीच्या अलीकडचं, भातशेतीवालं घर, आणि गरम पाणी म्हणजे काय ते मला कुणी शिकवायची गरज न्हाय, आम्ही पोरी कुंडावरच कपडे धुवायला जायचो. जमिनीतून येणाऱ्या पाण्याला गंधकाचा वास असतो, केसात बसला की जाता जात न्हाय. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे चाळीतली माणसं म्हणायला लागली, काकी, वज्रेश्वरीचं पाणी तुमच्या भिंतीत आलं, हळदकुंकू वाहा. मी म्हटलं, देवीला यायचं असेल तर येईल ती, तिला कोण अडवणार, पण हे पाणी तिचं न्हाय. ह्या पाण्याला खळीचा वास होता.

लग्न होऊन मी भिवंडीत आले, धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत. आमच्या सासऱ्यांनी चाळ बांधलेली, खाली खोल्या, वर खोल्या, मध्ये सगळ्यांची मिळून एक मोरी. आणि मोरीच्या भिंतीला लागून पलीकडे सायझिंग. तुम्ही बाहेरचे, म्हणून सांगते, सायझिंग म्हणजे लूमवर सूत चढवायच्या आधी त्याला खळ लावायचा कारखाना. खळ शिजवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो, आणि वाफ थंड झाली की तिचं पाणी होतं, ते गरम पाणी गटारात जायचं. सासरे सायझिंगच्या शेठला म्हणाले, गटाराला कशाला आंघोळ घालता, आमच्या भाडेकरूंना द्या की. शेठ हसला आणि भिंतीतून एक लोखंडी पाइप आमच्या मोरीत काढून दिला. त्याला आमच्या बाजूला नळ न्हाय, काही न्हाय, नुसतं उघडं तोंड. चावी पलीकडे, बॉयलरवाल्या रहमतचाचांच्या हातात. खाली सिमेंटचा हौद. सकाळी पाळी बदलली की पाणी यायचं, अख्खी चाळ आंघोळ करायची, फुकट.

पण त्याची एक रीत होती. रहमतचाचा चावी उघडायच्या आधी पाइपावर पान्याने ठोका मारायचे, एक. तो ऐकला की मोरीतल्या बायकांनी बाजूला व्हायचं, कारण पहिल्यांदा पाणी येत न्हाय, पाइपात अडकलेली वाफ सुटते, ती दिसत पण न्हाय नीट, आणि माणसाला सोलून काढते. वाफ निघून गेली की चाचा दुसरा ठोका मारायचे. मग बादल्या लावायच्या. पहिला ठोका बाजूला व्हा, दुसरा ठोका भरा. माझ्या लग्नाआधी वरच्या खोलीतली विमल घाईत पहिल्या ठोक्यालाच बादली घेऊन पुढे झाली होती. तिचा हात मी नंतर बघितलाय, कोपरापासून बोटांपर्यंत नुसता गुळगुळीत, एक रेघ न्हाय त्यावर. नवी नवरी म्हणून मी आले तेव्हा सासूबाईंनी चूल कुठे हाय ते नंतर दाखवलं, आधी हे सांगितलं.

मग सायझिंग बंद पडलं. काय काय बंद पडलं भिवंडीत, ते सांगत बसले तर तुमचा दिवस जाईल. आमच्या ह्यांनी पण लूम भंगारात काढले, लूमच्या आवाजात उभं आयुष्य गेलं त्यामुळे कान गेलेले, आता आम्ही भाड्यावर राहतो आणि मी चाळ सांभाळते. पलीकडचा बॉयलर गॅसने कापून ट्रकमध्ये भरून नेला, मी गच्चीवरून बघितलाय. चाचा आपल्या गावी गेले, तिकडे यूपीला. आम्ही पाइपाच्या तोंडाला प्लग मारून घेतला आणि विषय संपला. जुने भाडेकरू हळूहळू गेले, नवीन आले, ते थंडीत गिझर मागतात. मी सरळ सांगते, चाळीची वायर जुनी हाय, सगळ्यांनी गिझर लावले तर मेन जळेल, बादलीतला हीटर पण एका वेळी एकानेच लावायचा. मला वाईट म्हणतात, म्हणू देत. चाळ पेटली तर मला चांगलं म्हणायला कुणी उरणार न्हाय.

मोरीला लागून जी खोली, जिच्या भिंतीतून तो पाइप जातो, तिथे शबनम राहते. तिचा नवरा दिवसपाळीला लूमवर असतो. पहिलं बाळंतपण झालं, मुलगी झाली, आयेशा, आणि हिवाळा लागला तसं एक दिवस शबनम दारात येऊन म्हणाली, काकी, दीवार गीली हो रही है. मी म्हटलं, टाकीचा पाइप गळत असेल. तर म्हणते, गीली है, पर गरम है.

मी जाऊन हात लावला. बाळाला ताप आल्यावर पोट लागतं ना हाताला, तशी लागली.

आता मी बघितल्याशिवाय, मोजल्याशिवाय बोलणारी न्हाय. ओल जिथपर्यंत हाय तिथे पेन्सिलने रेघ मारली. दत्तू प्लंबरला बोलावलं. दत्तू म्हणाला, काकी, लोक गळती थांबवायला बोलावतात, तुमच्याकडे तर गरम पाणी येतंय, ह्यात तक्रार काय. मी म्हटलं, तोंड कमी चालव आणि टाकी रिकामी कर. टाकी कोरडी केली, ओल तशीच. नगरपालिकेची लाइन बंद केली, मीटरचा काटा गप्प, ओल तशीच. मग वाटलं विजेची वायर भिंतीत उघडी पडली असेल, ती पण भिंत तापवते, त्यात तर जीव जातो, म्हणून मेन काढून अर्धा दिवस सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. भिंत गरमच. आणि पेन्सिलच्या रेघेच्या बाहेर ओल एक बोटभर सरकली न्हाय. ती पसरत नव्हती हो, पसरणारी ओल मला कळते, ही पाइपाच्या वाटेने सरळ आखल्यासारखी होती. मोरीतला प्लग खाली हौदात पडलेला. गंजला असेल. पाइपाच्या तोंडातून एकेक थेंब, आणि त्या थेंबाला खळीचा वास, शिजलेल्या खळीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोरीशेजारी उभी होते, पाळी बदलायची वेळ, गल्लीत माणसं चाललेली, रिक्षावाले ओरडतायत, चांगलं ऊन, आणि भिंतीत ठोका पडला. ठण्. मी काही ठरवलं न्हाय, विचार केला न्हाय, माझे पाय आपोआप मागे झाले. थोड्या वेळाने दुसरा. ठण्. आणि पाइपातून पाणी सुटलं, वाफाळलेलं, बादलीभर असेल, आणि थांबलं.

मी घरात आले तर आमचे हे मोरीकडच्या भिंतीला पाठ लावून चहा पीत बसलेले. ह्यांना लग्नाची वरात ऐकू येत न्हाय, शेजारी फटाका लावला तरी मान वळत न्हाय. ते म्हणाले, आज रहमत लवकर आला काय? मी कपाळाला हात लावला. म्हटलं, कोण आला? तर भिंतीवर तळवा ठेवून म्हणाले, ठोका मारला ना आता त्याने, पाठीला कळतो की मला.

मी दत्तूला घेतलं आणि पलीकडे गेले. वॉचमन ओळखीचा, त्याने फाटक उघडलं. आत गवत, बॉयलरचा नुसता ओटा राहिलेला, वर छप्पर पण न्हाय, आभाळ. कुणी बिऱ्हाड न्हाय, चूल न्हाय, काही न्हाय. पाइप भिंतीपासून हातभर पुढे येऊन कापलेला, कशालाच जोडलेला न्हाय. त्याच्या उघड्या तोंडावर कोळ्याचं जाळं, जुनं, धूळ बसलेलं, एक धागा तुटलेला न्हाय. म्हणजे तिथून काही आत गेलेलं न्हाय. दत्तूने पाइपाला हात लावला आणि आई गं म्हणून झटकला. त्याच्या बोटाला फोड आला. नंतर मी त्याला म्हटलं, पाइप कापून काढून टाक, काय होईल ते होईल. तो हेक्सॉ घेऊन आला, पातं टेकवलं आणि आतून ठोका पडला. दत्तू गेला तो गेलाच, हेक्सॉ अजून माझ्याकडेच हाय, फोन केला की म्हणतो, काकी, गणेशपुरीला काम घेतलंय. दुसरा प्लंबर आणला, त्याला दत्तूने आधीच सांगून ठेवलेलं.

तेव्हा मी रहमतचाचांचा नंबर शोधला. मला वाटलं काय कळणार त्यांना, म्हातारे झाले, पण आवाज तसाच खणखणीत. मी सगळं सांगितलं. ते हसले न्हाय, घाबरले पण न्हाय. म्हणाले, भाभी, मैं तो यहाँ खटिया पे पड़ा हूँ, पैर साथ नहीं देते. मग विचारलं, पहले ठोके पे हटते हो ना सब लोग?

आणि तेव्हा मी ताडकन उठले. कारण हे माहीत कुणाला, मला आणि ह्यांना. बाकी सगळे नवीन. मी गळती शोधत होते, मीटर बघत होते, आणि शबनमला कुणीच काही सांगितलेलं न्हाय. तिला तर आनंद झालेला. पाणी येतं म्हणून ती आयेशाला त्याच पाण्याने आंघोळ घालायची, आदल्या दिवसाचं हौदात साचलेलं घेऊन. मी फोन तसाच हातात घेऊन मोरीकडे निघाले, पाळी बदलायचीच वेळ होती, आणि बघते तर शबनम पाइपाखाली टब लावून बसलेली, टबात आयेशा, उघडी, पाय मारतेय. ताजं गरम पाणी मिळेल म्हणून वाट बघत बसलेली ती.

ठोका पडला.

शबनम आयेशाला म्हणाली, सुन, पानी आ गया.

मी काय केलं ते मला नीट सांगता येत न्हाय. पोरीला दंडाला धरून उचललं एवढं आठवतं, शबनमला लाथ लागली माझी, ती मागे पडली, काकी पागल हो गई क्या म्हणून ओरडली. आणि पाइपातून आवाज आला, कापड फाटतं तसा. दिसलं काही न्हाय. टब प्लास्टिकचा होता, तो आमच्या डोळ्यांदेखत मऊ झाला, वाकला आणि कुशीवर झोपल्यासारखा खाली बसला. शबनम ओरडायची थांबली. मग दुसरा ठोका पडला आणि पाणी आलं, चांगलं, कोमट, आंघोळीजोगं.

फोन चालूच होता. चाचा विचारत होते, बच्ची ठीक है? मी त्यांच्यापाशी बच्चीचं नावच काढलेलं नव्हतं. मी म्हटलं, ठीक है चाचा.

त्या दिवसापासून मी चाळीतल्या एकेकाला उभं करून रीत सांगितली, पोरांकडून म्हणून घेतली. वरच्या मजल्यावरचा एक शिकलेला हसला, म्हणाला, काकी, भुताचं पण टाइमटेबल असतं का. मी त्याला तो टब दाखवला. हसायचं तर हस बाबा, पण पहिल्या ठोक्याला हस आणि मागे उभा राहून हस. हिवाळाभर चाळीने आंघोळी केल्या त्या पाण्याने, माणूस कशालाही सरावतो. शबनमला मी म्हटलं, खोली बदलून देते, तर म्हणाली, नको, बच्ची भिंतीला टेकून छान झोपते.

आणि मग हे झालं. सोमवारी सकाळी पहिला ठोका पडला. सगळे मागे झाले, बादल्या घेऊन उभे राहिले. वाफ सुटली न्हाय. दुसरा ठोका पडला न्हाय. आम्ही उभे. कामावर जायची वेळ झाली तसे एकेक करून गेले. संध्याकाळपर्यंत न्हाय, दुसऱ्या दिवशी न्हाय. भिंत आता हात ठेववत न्हाय इतकी तापलीय, आणि पेन्सिलची रेघ होती ना, तिच्या आतला चुना सगळा गळून पडलाय. मी चाचांना परत फोन केला. म्हणाले, दूसरा नहीं बजा मतलब भाप अभी पाइप में खड़ी है, कोई पास नहीं जाएगा. मी विचारलं, किती दिवस थांबायचं? चाचा, तुम्ही इथे असता तर दुसरा मारला असता का? ते म्हणाले, भाभी, जिसने पहला मारा, दूसरा वही मारेगा.

शबनम बाळाला घेऊन आता आमच्या पुढच्या खोलीत झोपते, तिचा नवरा पण. सामान तिकडेच अडकलंय, सारखी म्हणते, काकी, एक मिनट, बस कपड़े लेके आती हूँ, आणि मी दारात खुर्ची टाकून बसते. जळू देत कपडे. पोर सुखरूप हाय, देव तिला शंभर वर्षं देवो, अजून काय पाहिजे. आमच्या ह्यांनी मोरीकडच्या भिंतीला टेकायचं सोडलंय, इतकी वर्षं बसायची सवय, आता मध्येच उठून उभे राहतात, आणि मी विचारलं की काय झालं, तर मान हलवून म्हणतात, अजून न्हाय.

चहा झाला ना तुमचा? कप तिथेच ठेवा, मी धुवेन नंतर, मोरीत जाऊ नका. आणि निघताना मधल्या बोळातून नको, जिन्याच्या मागून फिरून जा.