बापूंचं खाकरणं

तुम्हाला सांगते, माझ्या लेकीला, मयूरीला, विमान शिकायची परवानगी मिळाली ती डाळीमुळे.

तिला पुण्याला जाऊन ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, शिकायचं होतं. आमच्या म्हसावदच्या घरात शेवटचा शब्द माझ्या सासऱ्यांचा, बापूंचा. ते अडून बसले. "आभाळमा काय रस्ता आखेल शे का? कोणी आडवं उनं तं?"

"बापू, विमानात एक पेटी असते," मयूरी म्हणाली. "आपण कुठे आहोत ते ती सांगत राहते, आणि दुसऱ्या विमानातल्या पेटीचं ऐकते. टक्कर होणार असेल तर आधीच वाजते."

"आनि कोणी पेटी चालूच नही करी तं?"

"मग नाही वाजत," पोरगी खरं बोलली.

बापू विचारात पडले आणि तसेच उठून हात धुवायला आत निघाले. एरवी ते खाकरल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत. ते खाकरले की मी डोक्यावर पदर घेऊन बाजूला होते. त्या दिवशी पेटीच्या नादात खाकरायचंच राहिलं. मी डाळीचं पातेलं घेऊन बाहेर, बापू आत! नशीब, डाळ कोमट होती. पण पांढरंशुभ्र धोतर पिवळं झालं.

मी घाबरून उभी. मयूरी म्हणाली, "बापू, आज तुमची पेटी बंद होती."

बापूंनी धोतराकडे पाहिलं आणि हसतच सुटले. "पंचवीस वरीसमा ही पहिली टक्कर शे. जाय बेटा, शिकी ये."

आता उडायच्या आधी ती फोन करते, तेव्हा बापू एकच विचारतात, "बेटा, तुन्हं विमान खाकरस ना?"