पंप पुरेसे आहेत

—नाही, नाही, तुमच्या या आकृतीतला तो बाण चुकलाय. स्टोअरकडून थेट वॉर्डात येणारा. असा बाण या हॉस्पिटलात कुणी बघितला असेल तर दाखवा, मी आजच नोकरी सोडते. बसा ना, उभ्या कशाला? ते गाऊन सरकवा बाजूला. हं — तर सलाईनचा पंप लागला, म्हणजे औषध मोजून थेंब थेंब सोडतं ना, ते यंत्र — की मी फॉर्म भरायचा, तो मेट्रनकडे, मेट्रनकडून स्टोअरला, आणि स्टोअरवाला म्हणणार, कॉम्प्युटरवर तर चाळीस पंप दिसतायत सिस्टर, पुरेसे आहेत, नीट शोधा. चाळीस! अख्खी इमारत पालथी घाला, बारा दिसतील. बाकीच्यांना काय पाय फुटले? तुम्ही तीन महिने तेच शोधताय — गुंतागुंतीच्या संस्था की काय तो तुमचा विषय — अहो, मला विचारायचं की, अकरा वर्षं इन्चार्ज आहे मी. लपवलेत. प्रत्येक वॉर्डानं लपवलेत.

सर्जरीवाल्यांचे चादरींच्या कपाटात, हाडांच्या वॉर्डातले प्लास्टरच्या खोक्यांमागे. आणि लबाडीनं नाही हो! एकदा का पंपावाचून पेशंट डोळ्यांदेखत तळमळला, की पुढचा पंप परत पाठवायला हातच धजत नाही. मग शेजारच्यांना मिळत नाही, म्हणून ते दोन दडवतात. ते बघून आम्ही तीन. मग वरचे साहेब मीटिंग घेतात, नवा फॉर्म काढतात. फॉर्म निघाला की आम्ही आणखी घाबरतो — आणखी एक आत! हसू नका, डोक्याला ताप झालाय नुसता. माझे? माझे कुठले? मी कशाला — बरं, दोन. पलीकडच्या बंद बाथरूममध्ये. चार्जिंगला असतात, रोज पुसते मी स्वतः.

त्या दिवशीही तिथेच होते. कुठल्या म्हणजे? तुम्हाला माहीत नाही? वर तिसऱ्या मजल्यावर माझी नणंद आहे, धाकटी. मीच हट्टानं नर्सिंगला घातली तिला, घरातल्यांशी भांडून. गेल्या महिन्यात भर दुपारी तिचा फोन — "वहिनी, एक पंप द्या ना, एकच, संध्याकाळी स्वतः आणून देते." आणि मी म्हटलं, "एकही नाही गं." विचारसुद्धा केला नाही, तोंडातून आपोआप निघालं. माझ्याकडे ऑपरेशनचा एक पेशंट यायचा होता, त्याला लागेल म्हणून — लागला? नाही लागला. दोन्ही पंप तसेच बसून. आणि ती तिकडे घड्याळ धरून थेंब मोजतेय, सोळा पेशंट एकटीच्या अंगावर. पलीकडच्या खाटेवरून कुणी हाक मारली म्हणून वळली, तेवढ्यात नळीची कळ सैल झाली, बाटली भराभरा त्या पेशंट बाईंच्या अंगात उतरली. बाई जगल्या, पण अंथरुणातून उठल्या नाहीत अजून.

झाली चौकशी. निष्काळजीपणा म्हणे! कुणाचा? थेंब मोजणारीचा. चाळीस आकडा कॉम्प्युटरवर मिरवणाऱ्याचा नाही, फॉर्म काढणाऱ्या साहेबांचा नाही. संताप होतो मला, संताप! उद्या निकाल आहे, नोकरी जाईल तिची. समितीनं मलाही लेखी विचारलं होतं — त्या वेळी तुमच्याकडे पंप शिल्लक होता का? मी लिहिलं, नाही. खाली सही केली, तारीख घातली.

काल घरी आली होती. रडून डोळे सुजलेले, आणि मलाच धीर देतेय. म्हणाली, "मी समितीला स्पष्ट सांगितलंय, आमच्या वहिनींकडे असता तर त्यांनी दिलाच असता." मी म्हटलं, हो गं. दुसरं काय म्हणणार?

काय? नाही, मोठ्यानं बोला. उद्या मी सांगणार का? तुमच्या अहवालात कुणाचं नाव येत नाही म्हणालात, तेवढ्यावर बोलले मी! उद्या तोंड उघडलं तर उद्याच बाथरूम रिकामी करतील, आणि परवा माझ्या पेशंटला पंप लागला तर कुठून आणू, तुमच्या त्या बाणांवरून? — अशा बघू नका माझ्याकडे. बघू नका म्हणते ना.

उठा. राउंडची वेळ झाली माझी. जाताना दार ओढून घ्या.