भिंतीतली वाट

रंगारी : प्रार्थनेच्या दालनाकडून सुरुवात केली, दोन हात भिंत भरली, मॅडम. पुढची माझ्याच्यानं होईना.

मॅडम : होईना म्हणजे? उद्या संग्रहालयाचं उद्घाटन! मठाचे सगळे फोटो याच भिंतीवर लागायचेत.

रंगारी : ही खाच बघा. मला वाटलं, ओलीनं दगड खाल्लाय. भरली पुट्टी. पण ओल काय कमरेच्या उंचीवर सरळ रेघ ओढत जाते? वीस वर्षं भिंतीच बघतोय मी.

मॅडम : सामान घासलं असेल.

रंगारी : बोटं तर घाला आत.

मॅडम : अगं बाई! किती गुळगुळीत... थांब, ते बाबा आले. इथले शेवटचे साधू. दिसत नाही त्यांना, हात देऊ या.

रंगारी : हात कुणाला देताय? काठी काखेत धरून झपाझप येताहेत ते.

बाबा : कोण बोलतंय?

मॅडम : मी बाबा, संग्रहालयाची. हा आमचा रंगारी.

बाबा : पहाटे असेच जायचो आम्ही प्रार्थनेला. दिवा नाही, बोलणं नाही. डावा हात भिंतीला. माझ्या आधी तीनशे वर्षं हेच. कुणाकुणाच्या हातामागून चाललो, नावंही ठाऊक नाहीत... अरे! वाट संपली?

रंगारी : संपली नाही, बाबा. मी बुजवली. चुकलं.

मॅडम : त्याचं नाही, माझं चुकलं. भिंत सपाट कर, असं मीच सांगितलं होतं.

बाबा : चाळीस वर्षांत इथे कधी थांबलो नव्हतो.

रंगारी : पुट्टी ओली आहे अजून. खरवडायचा पत्रा नको, दगडाला लागेल. हातानंच काढतो.

मॅडम : सरक जरा. मीही काढते.

रंगारी : कपडे भरतील, मॅडम.

मॅडम : भरू देत. तीनशे वर्षं, रे! अंगावर काटा आलाय माझ्या.

रंगारी : आणि फोटो?

मॅडम : लावू दुसरीकडे कुठेतरी. इथे एक खिळासुद्धा ठोकायचा नाही.

रंगारी : निघाली सगळी. या बाबा, घाला हात.

बाबा : आधी तुम्ही, बाई. डोळे मिटा. चला.

मॅडम : बाबा, इथे एकदम खोल गेलीय. अख्खा तळवा बसतो.

बाबा : तिथे प्रत्येकानं हात टेकलाय. पुढे पायरी आहे. सांभाळून उतरा.