समित्यांच्या चिठ्ठ्या

मी महानंदा, वडवणीची. वर्गात मी पुस्तकातलं बोलते, पन तुमच्यापाशी घरातलंच बोलते, चालंल ना? आमच्या अण्णांचं बाजारात किराणा दुकान, आन् पाच पोरींत मी तिसरी. बाजारादिवशी पुड्या बांधता बांधता मी बीएस्सी केलं, मग वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करायचं म्हनलं, तर भाऊबंद अण्णांला म्हनले कावून शिकवता पोरीला एवढं, आन् अण्णा म्हनले शिकवून तर बघतो, मग सांगतो.

गेवराईकडच्या एका कॉलेजात मी लागले. काळेसर आन् मी एकाच दिवशी, एकाच विभागात. मानूस वाईट न्हाई, हे आदीच सांगते. लेक्चर दोघांला सारखेच. पन लेक्चर म्हंजेच सगळं काम हाय का? काय सांगू तुमाला, काम नसलं की प्राचार्यांला मी मॅडम, आन् काम असलं की ताई. ताई, गॅदरिंग तुमीच बगा. ताई, पोरींच्या तक्रारी तुमीच ऐका. ताई, तपासणीच्या फायली तुमीच लिवा, तुमचं अक्षर चांगलं हाय. आन् मीबी येडी, हो हो म्हनत गेले, तुमालाच जमतंय म्हनलं की फुगायचे वो मी. काळेसर दोनला घरी जायचे, दार लावून संशोधनाचे पेपर लिवायचे. मी पाचला सुटायचे, मग सैपाक, मग सासूबाईंचं औषधपानी.

मग बढतीची मुलाखत आली. काळेसर झाले, मी न्हाई झाले. समोरचे साहेब म्हनले मॅडम, इतक्या वर्षांत संशोधन एवढं कमी कसं? मी म्हनलं सर, दुसरी कामं लई होती. ते म्हनले त्या कामांनी इथं भागत न्हाई. यष्टीत बसले तर रडू आलं न्हाई, राग आला, आन् तो आदी माज्यावरच आला.

त्याच साली गॅदरिंगला आमदारसाहेब येनार होते. प्राचार्यांनी बोलावलं, ताई, ओवाळायचं, सत्काराचं तुमच्याकडं. मी म्हनलं न्हाई सर, त्या दिवशी मी पोरं घिऊन कपिलधारला चालले, तिथल्या नेच्यांवर, फर्नवर, माजं काम सुरू हाय. ते हसले, मग काय पुरुष उभे करू का ताट घिऊन? मी म्हनलं करा की, हात तर दोघांलाबी दोनच हायत.

दुसऱ्या दिवशी मेमो. कामात टाळाटाळ केली म्हनून. मी उत्तर दिलं आन् संगं सगळ्या समित्यांची यादी जोडली, कोन कशात हाय ते. नऊ समित्यांत माजं नाव, काळेसरांचं एकीत, आन् तिथं ते अध्यक्ष. यादी स्टाफ मीटिंगमदी ठिवा म्हनलं.

मीटिंगला काळेसर म्हनले, मॅडम, तुमाला कुनी जबरदस्ती केलती का? लागलं बगा ते, कारन खरं होतं. मी म्हनलं न्हाई केली सर, पन तुमाला एकदा तरी कुनी इचारलं का? मग मीच म्हनलं, समित्यांच्या चिठ्ठ्या टाका, ज्याला जी निघंल ती त्यानं करायची. प्राचार्यांला आता न्हाई म्हनता येईना. आन् काळेसरांनी उचलली ती सत्काराचीच निघाली.

गॅदरिंगच्या दिवशी मी कपिलधारला होते. धबधबा आटत आलता, पन कड्याच्या सावलीत नेचे हिरवेगार. हिकडं काळेसरांनी आमदारांला ओवाळलं, कुंकू सदऱ्यावर सांडलं म्हने, लोक हसले, आमदारबी हसले. संपलं. आभाळ काई कोसळलं न्हाई.

तवापासून मला आडमुठी म्हनतात. आमच्यातल्या दोन मॅडम बोलत न्हाईत, तुमच्यामुळं आमालाबी टोमने बसतात म्हनत्यात. म्हनू द्या. नेच्यांवरचा पेपर छापून आला, बढतीची फाईल पुन्ना गेलीय, येईल तवा येईल, न्हाई आली तर हाय त्या खुर्चीवरून उठून जाईन, पन मान वर करून.

औंदा चिठ्ठीत मला टाइमटेबल निघालं. दुपारनंतरचे प्रॅक्टिकल मी सगळ्यांला सारखे वाटले, काळेसरांला दोन, मला दोन. कुनाला पटलं नसंल तर माज्यासमोर येऊन बोला म्हनलं. अजून कुनी आलं न्हाई. सुखात ऱ्हावा सगळे, पन पाच वाजेपर्यंत थांबा.