वैजयंताबाईंनी लुटलेलं वाण

मंडळी, ऐका! एवढंच सांगा मला — वस्तू आपल्या हातातून सुटली, समोरच्याच्या ओंजळीत पडली, म्हणजे देणं झालं का? झालं? मागं एक काका मान हलवतायत! काका, घाई नको. आधी वैजयंताबाईंच्या घरी चला.

कऱ्हाडात पोस्टामागच्या कॉलनीत या बाई राहतात. घरात मनी प्लांट. तुम्ही म्हणाल, "बुवा, त्यात काय विशेष? तो आमच्या न्हाणीघरातही आहे!" अहो, हा तसला नव्हे! पानापानावर पांढरे शिंतोडे — चुन्यात बुडवलेला कुंचला झटकावा ना, तसे! नऊ वर्षं जपलेला वेल! दारातल्या कुंडीतून निघाला, तो टीव्हीला वळसा घालून देवघरापर्यंत! गावातल्या एकाही नर्सरीत मिळत नव्हता. येणारा पाहुणा आधी वेल बघणार, मग बाईंना. आणि बाईंना ते चालायचं बरं का!

संक्रांत आली. हळदीकुंकू! वाण काय लुटायचं? डब्या आणि गाळण्या घरोघर ढिगानं पडल्यात. बाई म्हणाल्या, "यंदा वेलाचं पान!" काचेची बाटली, त्यात पाणी, पाण्यात पान. बायका हरखल्या! "केवढं मोठं मन हो तुमचं!"

पण मंडळी, कात्री कुठं लागली ते बघा. उसाला असतं तसं वेलालाही पेर असतं. मूळ फुटतं ते तिथून, कोंब येतो तोही तिथून. पेराच्या दोन बोटं खाली कापा, पेर पाण्यात बुडवा, चार दिवसांनी पाणी बदला — पंधरा-वीस दिवसांत पांढरी मुळं! बाईंना हे पाठ होतं. म्हणूनच बाईंनी पेर सोडून कापलं! नुसतं पान आणि देठ! असं पान महिनोन्‌महिने हिरवं राहतं, पण त्याचा वेल कधी होत नाही. एकवीस बाटल्या लुटल्या आणि वेल एकाच घरी राहिला! हसा, हसा! तुमची पाळी यायचीय अजून!

पुढं बाई लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला गेल्या. दोन महिने! जाताना यजमानांना बजावलं, "अहो, वेलाला पाणी विसरू नका." भालचंद्रराव शिस्तीचे. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या! माती वाळतेय की नाही, कोण बघतो? बाई परत आल्या तर वेल काळा पडलेला, मुळं कुजून लगदा!

"अहो, हे काय केलंत?"

"एक दिवस चुकवला नाही गं!"

मागायला जावं तर कुणाकडं? एकवीस घरी पानं आहेत, वेल एकाही घरी नाही. आणि तो का नाही, हे बाईंइतकं कुणाला ठाऊक? शोधता शोधता देवघराजवळच्या टोकाला एकच पेर धड सापडलं. तेवढं कापून हातात घेतलं, तोच दारात शेजारच्या द्वारकाकाकू! वय शहात्तर. हातात तीच बाटली, तेच पान!

"वैजू, वेल गेला म्हणे तुझा. हे घे. आठ महिने पाणी बदलतेय, पण मेलं माझ्या हाताला यशच नाही. तुझ्या हातून लागेल बघ!"

मंडळी, बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गप्प राहणं किती सोपं होतं! काकूंना कुठं काय माहीत होतं? पण बाई म्हणाल्या, "काकू, तुमच्या हाताला काही झालेलं नाही. मीच पेर राखून पान दिलं. सगळ्यांनाच."

काकू कडाडल्या, "अगं भवाने! आठ महिने मी त्या पानाशी गप्पा मारल्या! सुनेनं वेड्यात काढलं मला!" — आणि स्वतःच खो खो हसत सुटल्या.

बाई हसल्या नाहीत. हातातलं ते एकुलतं एक पेर त्यांनी काकूंच्या बाटलीत सोडलं. "हे घेऊन जा काकू."

"आणि तुला गं?"

"मला नको. आधी तुमच्याकडं होऊ दे."

नऊ वर्षांत पहिल्यांदा बाईंनी काही दिलं! अठराव्या दिवशी काकू जिन्यातूनच ओरडत आल्या, "वैजू, मूळ! मूळ आलं गं!" आणि बाई अनवाणी धावल्या, पुन्हा आजी झाल्यासारख्या!

आता इकडं बघा. लोणच्याची कृती सांगताना एक जिन्नस कोण गाळतं? हातची कला शिकवताना शेवटची खोच कोण झाकून ठेवतं? काका, आता मान हलत नाही ती! घरी गेल्यावर एवढंच करा — ज्याला अर्धं सांगून ठेवलंय ना, त्याला फोन लावा आणि उरलेलं सांगून टाका. हरिनाम त्यानंतर घेऊ. तेवढा वेळ तो विटेवरचा थांबेल, त्याला सवय आहे!