मुलुंडच्या डोंगरात चुकलेली वाट

पांडुरंगाला वंदन करून सांगतो. निवृत्त झालो त्या वर्षीच्या श्रावणात एका संध्याकाळी मी मुलुंडच्या डोंगरात एकटाच गेलो. परतताना धुक्यात वाट हरवली. बिबट्याच्या भयाने मोठमोठ्याने अभंग म्हणत चालत राहिलो. अखेर एका झोपडीतून एक म्हातारी बॅटरी घेऊन बाहेर आली.

"बाबा, नवस बोललाय का काही?"

"नाही हो, घरी निघालोय."

"मग माझ्या झोपडीला प्रदक्षिणा कशाला घालताय? ही तिसरी!"

हसत हसत तिनेच मला खालच्या रस्त्यापर्यंत पोहोचवले.

आता गुडघे डोंगर चढू देत नाहीत. देवळांना कितीतरी प्रदक्षिणा घातल्या. मन मात्र त्याच झोपडीशी जाते. वाट चुकलेल्या प्रत्येकाला असे दार भेटो, आणि तुम्हा सर्वांची घरे सुखाने नांदोत.